पेशींचं 'विलगीकरण' म्हणावं का?

प्रश्न : बोकडाच्या वृषणातून शुक्राणू घडवणाऱ्या स्टेम सेल वेगळ्या काढण्यावरचा लेख शेळीपालकांसाठी मराठीत आणतेय. 'मूलपेशींचे विलगीकरण व शुद्धीकरण' असं लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "बोकडाला करोना झालाय का?" शिवाय मूलपेशी म्हणजे तिला पोराबाळांच्या पेशी वाटल्या.

प्रतिसाद १ : 'मूळपेशी' करा, पोरंबाळं बाजूला होतील. 'स्कंधपेशी'नं खांदा आठवतो. आणि 'जर्म सेल' आलं तर 'जंतुपेशी' करू नका हो, एका भाषांतरात खरंच वाचलंय! जननपेशी.

प्रतिसाद २ : पशुवैद्य आहे, आधी काम सांगतो. वयात न आलेल्या करडाचं वृषण घेतात (खाटकाकडचा कपुरा, तोच), कारण त्यात पुढे घडत गेलेल्या पेशींची गर्दी कमी. आवरण सोलून आतला गर कात्रीनं बारीक करायचा. कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारे धागे तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) घातलं की शुक्राणू घडवणाऱ्या नलिका शेवयांसारख्या सुटतात. मग ट्रिप्सिन या दुसऱ्या विकरानं त्या फोडायच्या. फुटलेल्या पेशींचा डीएनए इतका चिकट, की पिपेटमधून शेंबूड लोंबावा तसं सगळं लोंबतं, म्हणून डीएनए तोडणारं डीएनेज. पुढे ४० मायक्रॉनची जाळी, मग परकॉल या द्रवाच्या कमी-जास्त घनतेच्या थरांवर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायचं. शेवटी मूळपेशी धरून ठेवायला प्रथिनाचा लेप दिलेली बशी, किंवा त्यांनाच चिकटणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) लावलेले चुंबकी मणी.

प्रतिसाद १ : डॉक्टर, हे तर चाळणं, रोळणं आणि वेचणं झालं! तांदूळ पाण्यात हलवून खडे मागे ठेवतो, तसंच परकॉलमध्ये. घनतेवरच वेगळं होतं ना?

प्रतिसाद २ : घनतेवरच. 'रोळणे' मला सुचलं नसतं.

प्रतिसाद ३ : बोलायला ठीक आहे. पण 'शुद्धीकरण' पाठ्यपुस्तकांत रुळलेला शब्द आहे. 'पेशी रोळल्या' असं प्रबंधात कोण लिहील?

प्रतिसाद २ : प्रबंधात नका लिहू. पण 'शुद्ध'वर माझा आक्षेप अर्थाचा आहे. उंदराच्या वृषणात या पेशी दहा हजारांत जेमतेम तीन. इतकं करूनही हाती येतो तो ढीग शंभर टक्के त्यांचा नसतो, फक्त प्रमाण वाढतं. 'समृद्धीकरण' जास्त खरं. खरी मूळपेशी होती की नाही, हे दुसऱ्या वृषणात सोडून तिथं शुक्राणू तयार झाले तरच कळतं. ब्रिन्स्टर या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांत ते दाखवलं.

प्रश्नकर्ती : मग मथळ्यात 'वेगळ्या काढणे', आत चाळणे-रोळणे-वेचणे, आणि एकदाच 'समृद्धीकरण'. आईला दाखवते. आणखी एक अडलंय. २०२० मध्ये नॅनॉस-२ जनुक काढून स्वतःच्या जननपेशी नसलेले बोकड तयार केले, त्यांच्यात दुसऱ्या नराच्या मूळपेशी सोडल्या. अशा 'सरोगेट' नराला काय म्हणू? भाडोत्री बोकड?

प्रतिसाद १ : अजिबात नको. पैसे मोजून शेळी फळवायला नेतात, तो भाडोत्री बोकड गावात आधीपासून आहे.