सशासाठी ४१ दिवस, काळविटासाठी दोन रात्री

गावठाण_खानापूर:
मंडळी, डोक्यात बसलंय म्हणून लिहायला घेतलोय, लांब होईल. आमच्या शेजारचे काका, नाव नको, साठीच्या पुढचे, भीमगड अभयारण्याच्या हद्दीला लागून दीड एकर भात. त्यांच्या पिशवीत एक मेलेला ससा आणि तारेचा फास सापडला. चूक त्यांची, मी नाही म्हणत नाही. फॉरेस्टवाल्यांनी उचललं, कोर्टात उभं केलं, आत गेले. जामीन मंजूर झाला बाराव्या दिवशी. माणूस घरी आला एकेचाळिसाव्या दिवशी. मधले २९ दिवस कशाचे तर जामीनदाराचे.

स्वतःच्या नावचा उतारा असलेला माणूस आणा म्हणाले. भावकीत सगळ्यांचा उतारा अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी वारसा कुणी लावला नाही, कारण वारसा लावायला गेलं की वाटणी आली आणि वाटणी आली की भांडण आलं. काकूंचा भाऊ चंदगडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, त्याच्या नावावर दोन एकर काजू, बिचारा सातबारा घेऊन पहाटे निघून आला तर परराज्यातला उतारा चालत नाही म्हणून परत पाठवला. चंदगड आमच्या गावापासून किती लांब आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको, पोरी दिल्याघेतल्यात तिकडं. रोप लावणीचे दिवस त्यात गेले, शेत पडून राहिलं.

आता ही बाजू बघा. १९९८ च्या ऑक्टोबरात जोधपूरजवळ कांकाणी गावात दोन काळवीट मारले म्हणून सलमान खानवर केस झाली. निकाल लागला ५ एप्रिल २०१८ ला, म्हणजे वीस वर्षांनी. पाच वर्षं शिक्षा, दहा हजार दंड. ७ एप्रिलला जामीन, संध्याकाळी विमानानं मुंबई. दोन रात्री. दोषी ठरल्यानंतर दोन रात्री, आणि आमच्या काकांवर अजून चार्जसुद्धा ठेवलेला नाही.

मला सलमानला आत ठेवा म्हणायचं नाही. अपील करणाऱ्याला जामीन मिळतो, तो त्याचा हक्क. पण मंजूर झालेला जामीन हातात पडायला एकाला काही तास आणि एकाला २९ दिवस, ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही सांगा.

वॉचरची_लेक:
दादा तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं पण "एक ससा" असं लिहिलंत तिथं थांबले. फास ससा बघून लागत नाही. त्याच तारेत बिबट्याचा पाय अडकतो, अस्वल अडकतं, आणि जितकं ओढेल तितकी तार आत जाते. माझे वडील वनखात्यात रोजंदारीवर वॉचर होते, सतरा वर्षं, पगार चार चार महिन्यांनी. मी लहान असताना एकदा ते जंगलातून आले आणि रात्री जेवले नाहीत, आईनं विचारलं तर म्हणाले भेकराची मादी होती, पोटात पिल्लू होतं, तार गळ्यात रुतलेली, दोन दिवस जिवंत असणार. हे मी विसरू शकत नाही. गरीब माणसानं लावला म्हणून त्या भेकराला कमी दुखलं काय?

आणि कायदा म्हणाल तर अभयारण्याच्या आत शिकार केली की प्राणी कुठला का असेना, कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. ससा असो नाहीतर वाघ. ते बरोबरच आहे असं माझं मत.

रानडुक्कर_पीडित:
बरोबर आहे म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या माळ्यावर झोपून बघावं. डुकरांचा कळप एका रात्रीत भात लोळवून जातोय, गवा आला तर ऊस राहत नाही. भरपाईसाठी वनखात्याच्या ई-परिहार पोर्टलवर फोटो घाला, उतारा घाला, परत उतारा आजोबाच्याच नावावर, म्हणजे भरपाई पण नाही. पोरं डबे बडवूलेत, फटाके लावूलेत, आणि आम्हाला शिकारी म्हणायचं. शहरातली माणसं वीकेंडला येऊन गव्याचा फोटो काढून जातात, त्यांना गवा छान वाटतोय.

वॉचरची_लेक:
पीक गेलं त्याचं दुःख खरं आहे मामा, भरपाई वेळेत मिळाली पाहिजे ह्यात माझं दुमत नाही. पण ससा भात खाऊन उद्ध्वस्त करत नाही. फास मटणासाठी लागतो आणि ढाब्यावर विकायला लागतो, हे तुम्हाला पण माहीत आहे.

टिळकवाडी_७२:
श्रीमंताला सोडतात हे सरसकट बोलणं मला पटत नाही. उलट नाव मोठं असलं की केस जास्त लावून धरतात, मीडिया मागं लागते. २०१८ च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशात कतर्नियाघाटच्या जंगलात एक नावाजलेला गोल्फ खेळाडू रायफलीसकट सापडला, त्याला खालच्या कोर्टानं जामीन नाकारला, पैसा होता की त्याच्याकडं. सलमानवर पण एका शिकारीच्या ट्रिपमधून चार केसेस झाल्या. सामान्य माणसावर एवढ्या झाल्या असत्या काय? चिंकाराच्या दोन केसमध्ये २००६ ला शिक्षा झाली होती ती राजस्थान हायकोर्टानं २०१६ ला रद्द केली, हत्याराच्या केसमध्ये २०१७ ला सुटला. पुरावा नसला तर कोर्टानं काय जनमत बघून आत टाकायचं?

शहापूरची_अक्का:
पुरावा नसला म्हणताय, तो का नसला ते पण सांगा की. चिंकाराच्या केसमधला मेन साक्षीदार जीपचा ड्रायव्हर, तो उलटतपासणीच्या वेळी वर्षानुवर्षं सापडतच नव्हता. काळविटाच्या केसमध्ये पहिल्या पोस्टमॉर्टेममध्ये गोळीचा पत्ता नव्हता, पुरलेले प्राणी परत उकरून दुसऱ्या डॉक्टरांनी बघितले तेव्हा गोळीच्या जखमा निघाल्या. हे सगळं ससा मारणाऱ्याच्या केसमध्ये होतं काय? त्याचा साक्षीदार गायब होत नाही, कारण गायब व्हायला कुणाचं काही अडलेलं नसतं.

आपल्या कर्नाटकातलंच घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरात बिग बॉसच्या घरातून एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखासाठी थेट अटक केली, चला बरं झालं म्हटलं. मग लोकांनी नटांचे, पुढाऱ्यांचे फोटो शोधून काढले, तसलीच लॉकेटं घातलेले. तिथं फॉरेस्टवाले घरी जाऊन लॉकेट तपासणीला घेऊन आले, अटक नाही. पुढं सरकारनं सगळ्यांनाच मुदत दिली, एप्रिल २०२४ पर्यंत घरातली नखं, शिंगं, कातडी जमा करा, केस होणार नाही. ही मुदत लोकांची नावं मोठी निघाल्यावर सुचली, आधी नाही.

टिळकवाडी_७२:
अक्का, ती मुदत सगळ्यांना होती, गरिबाला पण. आणि पिढ्यानपिढ्या घरात शिंग आहे म्हणून म्हाताऱ्या माणसाला आत घालावं असं तुम्हाला तरी वाटतंय काय?

शहापूरची_अक्का:
नाही वाटत. पण ४१ दिवस पण बरोबर वाटत नाहीत.

काळा_कोट_बेळगाव:
मी प्रॅक्टिस करतो, वनखात्याच्या केसेस दोन्ही बाजूंनी चालवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यायाधीश श्रीमंत बघून निकाल देतात असं मला कधी दिसलेलं नाही, आणि गावठाण तुम्ही तसं म्हणतही नाही आहात, इतर लोक ते तुमच्या तोंडी घालूलेत. गडबड निकालाच्या आधी होते. वन्यजीवाची केस पोलीस केससारखी चार्जशीटवर चालत नाही, अधिकारी स्वतः कोर्टात तक्रार दाखल करतो आणि चार्ज ठेवायच्या आधी साक्षी घ्याव्या लागतात, चार्ज ठेवल्यावर तेच साक्षीदार परत उलटतपासणीला. म्हणजे एकच माणूस दोनदा कोर्टात आणायचा, मधल्या काळात रेंजर बदली होऊन गेलेला, पंच मुंबईला कामाला गेलेला. ज्याच्याकडं वकिलाला द्यायला पैसे आहेत त्याला हा उशीर चालतो, किंबहुना पाहिजेच असतो. ज्याला दर तारखेला मजुरी बुडवून यायचं असतं तो सहाव्या सातव्या तारखेला म्हणतो साहेब गुन्हा कबूल करतो, संपवा. मी असे अशील बघितलेत, ज्यांच्याविरुद्ध कागदावर काही टिकलं नसतं, आणि तरी कबूल करून मोकळे झाले.

आता जामीनदाराचं. मोती राम म्हणून १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. मोती राम गवंडी होता. त्याला दहा हजाराचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. कोर्टानं स्पष्ट सांगितलं, माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, आणि गरिबाला झेपणार नाही अशी रक्कम घालणं म्हणजे जामीन नाकारणंच. चंदगडच्या मेव्हण्याला परत पाठवलं तेव्हा हा निकाल पुढं ठेवायला कुणीतरी पाहिजे होतं. दुसरं, ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट सैल करायचा विचार करायचा. हे आपल्याकडं होत नाही असं नाही, पण मागणारा लागतो.

गावठाण_खानापूर:
सर हे आधी कुणी सांगितलं असतं तर... आमच्या वकिलानं उतारा आणा एवढंच सांगितलं. १९७८ चा निकाल आणि आम्ही अजून उताऱ्यासाठी पळूलोय.

टिळकवाडी_७२:
वकील साहेब, म्हणजे दोष वकिलाचा आणि अडाणीपणाचा झाला, श्रीमंतीचा नाही. मी तेच म्हणत होतो.

काळा_कोट_बेळगाव:
चांगला वकील विकत घेता येतो, ही श्रीमंतीच झाली की. देशातल्या जेलात २०२२ च्या अखेरीला ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली पाऊण कच्ची कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यात बंगलेवाले किती असतील?

जांबोटी_रोड:
सगळे सलमान सलमान करताय, आपल्या रस्त्याचं बोला. रात्री सर्चलाइट लावून जीप फिरतात ते सगळ्या गावांना माहीत आहे. बंदुकीचा आवाज येतो, सकाळी रस्त्याच्या कडेला रक्त असतं. ते लोक आजोबाच्या उताऱ्यावर अडकत नाहीत कारण ते सापडतच नाहीत. कुणी नंबर लिहून घेतलाय काय आजपर्यंत?

वॉचरची_लेक:
हेच मला म्हणायचं होतं, मघाशी शब्द सापडत नव्हते. कांकाणीला बिश्नोई लोक आवाज ऐकून जीपच्या मागं धावले, नंबर घेतला, आणि मग वीस वर्षं त्याच गावातली माणसं कोर्टात साक्ष द्यायला उभी राहिली. १७३० ला खेजडलीत झाडांसाठी ३६३ जणांनी जीव दिला त्यांची ती माणसं. वकील, पैसा, सगळं समोर होतं, तरी शिक्षा झाली ती गाव हललं नाही म्हणून. आमच्याकडं वडिलांनी एकदा जीप अडवली होती. पंच म्हणून गावातल्या दोघांना बोलावलं, दोघंही म्हणाले आम्ही काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना रेंजरनं बोलावून समज दिली. गावठाण दादा, राग मानू नका, पण तुमच्या गावातून ती जीप गेली तेव्हा तुम्ही साक्ष दिली होती काय?

गावठाण_खानापूर:
नाही दिली. दोन वर्षांपूर्वी मीच बघितली होती जीप, आमच्या घराच्या खाली थांबली होती, मागं ताडपत्रीखाली काहीतरी मोठं होतं, सांबराचं शिंग बाहेर आलेलं. गाडी कुणाची ते पण ओळखलं होतं. मी आत जाऊन दार लावलं. भीती वाटली, त्या माणसाच्या गाडीवरच माझा चुलत भाऊ ड्रायव्हर होता. काका मात्र पिशवी घेऊन चालत येत होते आणि त्यांना धरताना बघायला अख्खं गाव उभं होतं, मी पण.

रानडुक्कर_पीडित:
लिहिलंस ते बरं केलंस.

जांबोटी_रोड:
२०२५ च्या नोव्हेंबरात भुतरामहट्टीच्या झूमध्ये घटसर्पानं चार दिवसात तीसेक काळवीट गेले तेव्हा सगळ्या बेळगावानं हळहळ केली, पोरं बघायला जायची त्यांना. ते बघवत नव्हतं. पण जीपमधलं सांबर मेलं ते कुणाच्या स्टेटसला आलं नाही.

काळा_कोट_बेळगाव:
जीपबद्दल एक सांगून ठेवतो. वनखात्यानं केस केली नाही तर सामान्य माणूस पण वन्यजीव कायद्याखाली थेट कोर्टात तक्रार करू शकतो, फक्त साठ दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. एकट्यानं करू नका, चार पाच जण मिळून सह्या करा.

गावठाण, काकांचं आधी बघू. पुढची तारीख कधी? कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तो त्यांना तेव्हाच मिळायला पाहिजे होता. आता पण तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतोय. आणि जबाब कुठल्या भाषेत आहे ते बघा.

गावठाण_खानापूर:
तारीख १४ ला. सगळे कागद कन्नडात आहेत सर, काकांना मराठी पण नीट वाचायला येत नाही, दाखवलं तिथं सही केली म्हणतात. मला बोलायला येतंय पण कोर्टाचं कन्नड वाचता येत नाही.

काळा_कोट_बेळगाव:
मग १४ च्या आधी कुणाकडून तरी ओळ न ओळ वाचून घ्या. साक्षीच्या वेळी दुभाषी पण मागा, तो हक्क आहे.

वॉचरची_लेक:
माझं शिक्षण कन्नड मीडियमला झालंय. मी वाचून देते. पण एक आधी सांगते दादा, फास लावलाच नाही असं ते म्हणणार असतील तर मी येणार नाही.

गावठाण_खानापूर:
तसं म्हणत नाहीत ते. पहिल्या दिवसापासून लावला म्हणूनच सांगूलेत. रविवारी जमेल काय? खानापूर स्टँडवर दहाला काकांना घेऊन येतो.

वॉचरची_लेक:
या. कागदांची झेरॉक्स काढून आणा, मूळ कागदावर मी पेन लावणार नाही.