हिरवं अवोकाडो पिकलं कसं ओळखायचं?
आठवडा झाला तरी अवोकाडोची साल काळी पडेना, मग ते पिकलं की नाही कसं कळणार, असा प्रश्न आहे. काळी पडते ती हास आणि त्याच्या जवळच्या जातींची. फुएर्ते, रीड, बेकन या जाती पिकूनही हिरव्याच राहतात. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा, किंचित दबलं की कापा.

टोस्टवर पसरायला हासच घ्या: लोण्यासारखा घट्ट गर, अक्रोडाच्या अंगाने जाणारी चव. रीडही तसंच स्निग्ध. केरळ-कूर्गकडची मोठी, गुळगुळीत सालीची फळं बहुधा कमी तेलाची. त्यांचं ग्वाकामोले (कुस्करलेल्या अवोकाडोची मेक्सिकन चटणी) पाणचट होतं, मिल्कशेकला मात्र उत्तम.

आणि कृपा करून कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका! थंडीने पिकणं अडतं, गर करडा पडतो. कागदी पिशवीत पिकल्या केळ्यासोबत २-४ दिवस ठेवा, मऊ झाल्यावरच फ्रिज.