विषय: नातीची शाळा बंद होतेय, अर्जावर सही करावी का?

प्रेषक: सदरच्या काकू, नागपूर

मंडळींनो, मी अमेरिकेतून नागपूरला परतले तरी ही ईमेल लिस्ट काही सोडवत नाही. लेकाचा फोन होता. तिकडे अमेरिकेत नातीची कॅथलिक शाळा जूनपासून बंद, शेजारच्या पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या) शाळेत विलीन. पालक सूनबाईकडे बिशपविरुद्धच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाविरुद्धच्या, अर्जावर सही मागताहेत. इकडे सदरमध्ये एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) नि सेंट जोसेफ या कॅथलिक शाळांसाठी लोक ओळखी काढत फिरतात, अन् तिकडे शाळा ओस पडतात? काऊन बाप्पा? आणि सही करावी का?

प्रेषक: क्लीव्हलंडहून

काकू, नमस्कार. १९६५च्या सुमारास इथल्या कॅथलिक शाळांत ५२ लाख मुलं होती, आता १७ लाखांच्या आसपास. तेव्हा वर्ग सिस्टर्स (चर्चच्या संन्यासिनी) सांभाळायच्या, जवळजवळ बिनपगारी. त्या १ लाख ८० हजार होत्या, आज ४० हजारांच्या आत. पगारी शिक्षक आले, फी वाढली, कुटुंबं उपनगरांत गेली. तिथली सरकारी शाळा फुकट.

बिशपचं म्हणाल तर आमच्याकडे २००९-१०मध्ये बिशप लेनन यांनी ५० पॅरिश बंद केल्या. सेंट कॅसिमिर या पोलिश चर्चला कुलूप लागल्यावर लोक दर रविवारी कुंपणाबाहेर उभे राहून प्रार्थना करायचे, थंडीतसुद्धा. मार्च २०१२मध्ये व्हॅटिकनने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या मुख्यालयाने, बंदीचे १३ निर्णय फिरवले, कारण रीतसर प्रक्रिया पाळली नव्हती. लेनन यांनी पुढे अपील केलं नाही. सेंट कॅसिमिरही उघडलं. तिजोरीत खडखडाट आहे हे लोकांना कळत होतं हो. राग होता तो आधी ठरवून मग विचारल्याचा.

सही खुशाल करू द्या, पण तिचं वजन फारसं नाही. पॅरिशच्या निर्णयाविरुद्ध १० दिवसांत आधी बिशपकडेच लेखी दाद मागावी लागते, मग रोम. तीही पॅरिशच्या लोकांनी. शाळा वाचते ती पैशाने. २०१२मध्येच फिलाडेल्फियात चार हायस्कूलं बंद करायचं जाहीर झालं, देणगीदार धावले, आर्चबिशप शॅपू यांनी चारही चालू ठेवली. पालकांनी आधी शाळेचा हिशेब मागावा.

प्रेषक: मूळचा मोहननगरचा

काकू, मी स्वतः कॅथलिक, म्हणून दोन शब्द. लेनन यांना अगदीच खलनायक करू नका. अनेक चर्चच्या शेवटच्या प्रार्थनेला ते स्वतः गेले, समोर उभं राहून लोकांचा राग झेलला. पत्र पाठवून मोकळे होणारेही असतात.

तुमच्या 'काऊन'चं उत्तर असं, की तिकडे बऱ्याच शाळा पॅरिशच्याच पैशावर चालतात. पॅरिश बुडाली की शाळाही बुडते. आपल्याकडे एसएफएस १८७०ची, फादरांनी काढलेली. नागपूरला स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला तो १८८७मध्ये, म्हणजे शाळा बिशपच्या गादीपेक्षा जुनी! कॉन्व्हेंटं सिस्टर्सच्या संस्थांची, आणि फी भरणारे बहुतेक तुमच्यासारखे हिंदू. त्यामुळे नागपुरात बिशपशी लोकांचा संबंध काय, तर अ‍ॅडमिशनसाठी चिठ्ठी मिळते का एवढाच. (बिशप कॉटन शाळा आमची नाही, ती अँग्लिकन या वेगळ्या पंथाच्या लोकांनी काढलेली. सगळे आम्हालाच धरतात.)

प्रेषक: सदरच्या काकू

दोघांचेही आभार. सूनबाईला हिशेब मागायला सांगते. पण पुढच्या वर्षाची अनामत भरून बसलेत ते. शाळा विलीन झाली की ती नव्या शाळेत वळती होते का? कोणाला अनुभव असेल तर लिहा.