क्रूला व्यायामाला लावायचं कसं? जहाजावर काम केलेल्यांनी अनुभव लिहा

मी एका क्रूझ जहाजावर एचआरमध्ये आहे. क्रूला व्यायामाची गोडी लावायचं काम गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडलं. क्रू मेसबाहेर पोस्टर लावलं, ‘सकाळी ६ वाजता योग’. पहिल्या दिवशी चार जण आले. त्यातला एक ड्रिल आहे समजून लाइफ जॅकेट घेऊन आला होता. आठवड्याभरात मी आणि माझी चटई, दोघीच उरलो. क्रू जिम चोवीस तास उघडी असते, तरी तिथे ठरावीक सात-आठ चेहरेच दिसतात. तुमच्याकडे काय चाललं आणि काय फसलं, ते सांगा. ‘भरपूर पाणी प्या’ छापाचे सल्ले नकोत, ते पोस्टरवर आधीच आहेत.

हाउसकीपिंग, चौथं कॉन्ट्रॅक्ट
आमच्याकडे पावलं मोजायची स्पर्धा काढली होती. दर आठवड्याला आम्हीच जिंकायचो, कारण दिवसभर कॉरिडॉर तुडवतो. रिसेप्शनवाल्यांनी दुसऱ्याच आठवड्यात नाद सोडला. माझं म्हणाल तर पहिला नंबर आला आणि कंबर धरली. आमचं शरीर कमी हलतं असं नाहीच, ते एकाच बाजूला हलतं. वाका, गादी उचला, चादर खोचा, पुन्हा वाका.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. पाहुण्यांच्या जिममधला ट्रेनर रोज शिफ्टच्या सुरुवातीला लिनन लॉकरमध्ये सात मिनिटं यायचा. पलंगाच्या कडेला एक गुडघा टेकवून चादर कशी खोचायची, कमरेऐवजी खुब्यातून कसं वाकायचं, हे त्याने उशीचे अभ्रे हातात देऊन शिकवलं. आणि ती सात मिनिटं सुपरवायझर ड्यूटीत धरायचा. ब्रेकमध्ये ठेवली असती तर मी तरी गेलो नसतो.

डायनिंग
ताई, राग मानू नका, पण सकाळी ६ ला योग ठेवताना रॉस्टर बघितलं होतं का? आमची ब्रेकफास्टची शिफ्ट साडेपाचला सुरू होते. एमएलसी २००६, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि ७ दिवसांत ७७ तास. ते १० तास दोनच तुकड्यांत तोडता येतात आणि त्यातला एक सलग ६ तासांचा लागतो. स्प्लिट शिफ्टवाल्याचा, म्हणजे दिवसातून दोनदा ड्यूटी असणाऱ्याचा, दुसरा तुकडा दुपारी पडतो. त्यातच कपडे धुणं, घरी फोन आणि गँगवेच्या शिडीवरून बंदरात उतरून दोन पावलं चालणं. त्यातून व्यायाम काढायचा म्हणजे झोपेतून काढायचा. मी तीन महिने काढला. चौथ्या महिन्यात हातात ट्रे असताना डोळा लागला.

इंजिन रूम
माझा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पाळी. खाली चाळिशीपार तापमान, त्यामुळे पहाटे चारला वर आल्यावर लगेच वजनं उचलायची नाहीत, हे एकदा जिमच्या फरशीवर आडवा झाल्यावर कळलं. आता आधी अर्धा तास बसतो, मीठ-साखरेचं पाणी घेतो, मग जातो.

दुसरी अडचण आवाजाची. आमची जिम पुढच्या टोकाला आणि बरोबर खाली केबिनी. पहाटे कुणी डंबेल टाकलं की खालचे झोपलेले शिव्या घालत वर येतात. जाड रबरी मॅट टाकल्यावर भांडणं थांबली. आणि हो, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, जहाज सगळ्यात जास्त वरखाली होतं. ट्रेडमिलवर एका क्षणी चढ चढल्यासारखं वाटतं, दुसऱ्या क्षणी पाय हवेत. समुद्र खवळला की आम्ही यंत्रं बंद करून भिंतीला पाठ लावून बैठका मारतो.

क्रू गॅली (स्वयंपाकघर)
रात्रीच्या जेवणातलं तळण एकदम बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी तक्रार थेट कॅप्टनपर्यंत. मग तळण परत आणलं, फक्त रांगेच्या शेवटी ठेवलं, आणि उकडलेल्या भाज्या, अंडी, फळं पुढे आणली. ताटं आपोआप आधीच भरू लागली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आधी डेकवर, आता किनाऱ्यावर
एक सांगतो, वजन घटवायची स्पर्धा चुकूनही ठेवू नका. आमच्याकडे ठेवली होती. शेवटच्या आठवड्यात एक पोरगा दोन दिवस उपाशी राहिला आणि दोर ओढताना कोसळला.

पण खरी गोम वेगळी आहे. आपलं मेडिकल सर्टिफिकेट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. पुढच्या साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या, आधी पुन्हा तपासणी. त्यामुळे जहाजावर कुठेही आकडा लिहिला जातोय असं दिसलं की माणूस बिचकतो, हा आकडा उद्या नोकरीवर येईल म्हणून. नर्सने क्रू मेसच्या दाराशी बीपीचं मशीन मांडलं, तर लोक दुसऱ्या दाराने जेवायला जाऊ लागले. मीही त्यातलाच. बीपी वाढलेलं होतं, हे घरी गेल्यावर कळलं. वही नको, यादी नको, फोटो तर नकोच.

सिक्युरिटी
डेकवाल्या दादांना दुजोरा. आमच्याकडे चाललेली एकच गोष्ट म्हणजे बंदरात चालायला जाणारा गट. पण ज्यांची पाळी जहाजावर थांबायची असते ते दर वेळी सुटतात, त्यांचं काही बघा.

मूळ लेखिका
पोस्टर काढलं. सगळ्या विभागांची रॉस्टरं समोर पसरून बसले आहे आणि सगळ्यांना जमेल अशी एक वेळ मुळात नाहीच, हे आत्ता दिसतंय. वजनकाटा जिमबाहेर ठेवणार होते, तो रद्द. दोन विभागप्रमुखांकडे ड्यूटीतली दहा मिनिटं मागितली. एक हो म्हणाला, दुसऱ्याने टर्नअराउंडचा (जुने पाहुणे उतरून नवे चढतात तो) दिवस सोडून विचारा म्हणून सांगितलं. हाउसकीपिंगवाले दादा, त्या सात मिनिटांत क्रम काय असायचा?

हाउसकीपिंग, चौथं कॉन्ट्रॅक्ट
आधी खांदे, मग खुब्यातून वाकणं दहा वेळा, मग दाराची चौकट धरून छाती ताणायची. शेवटी मनगटं. मनगटं विसरू नका, पिळलेली फडकी शेकड्याने असतात.