मदत हवी आहे: मास्ट पेशी नसलेले उंदीरच का दगावले?

रानजाई: मंडळी, सोमवारी सेमिनार आहे आणि एका आलेखावर अडकलेय. मास्ट पेशी नसलेल्या उंदरांचं तापमान झपाट्याने उतरतं, बरेच मरतात. साधे उंदीर सावरतात. उलटं व्हायला हवं ना? मास्ट पेशी म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडून त्रास देणाऱ्या पेशी! लवकर सांगा.

खारीचावाटा: टोचलं काय होतं?

तुळसमंजिरी: माझ्या मुलाला सकाळी शिंकांचा त्रास होता. हळदीचं दूध सुरू केल्यापासून खूप फरक पडला. करून बघ गं.

रानजाई: ताई, मी उंदरांबद्दल विचारतेय. एंडोथेलिन-१, पोटात.

खारीचावाटा: हेच आधी लिहायचं होतं. एंडोथेलिन बाहेरचं विष नाही, आपल्याच रक्तवाहिन्यांना 'आवळून घ्या' म्हणून सांगणारा रेणू आहे. १९८८ साली जपानमध्ये सापडला, २१ अमिनो आम्लांची साखळी. प्रमाणाबाहेर गेला की जिवावर बेततं. तो मास्ट पेशीला चिकटला की पेशी आपले कण बाहेर टाकते आणि कणांतली विकरं (एन्झाइम) त्या एंडोथेलिनलाच तोडतात. २००४ चा नेचरमधला शोधनिबंध ना, स्टॅनफर्डच्या गॅलींच्या गटाचा?

रानजाई: हो, तोच.

परीक्षानळी: थांबा. या उंदरांत मास्ट पेशी घडायला लागणारं किट जनुक बिघडलेलं असतं, त्यांना रक्तक्षयही असतो. मग दोष मास्ट पेशींच्या अभावाचाच कशावरून?

खारीचावाटा: म्हणूनच त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मास्ट पेशी त्याच उंदरांच्या पोटात सोडल्या. संरक्षण परत आलं.

परीक्षानळी: हे पटलं. पण उंदरावरून थेट माणसावर उडी नको.

आंबेमोहोर: २००६ मध्ये याच गटाने सापाच्या विषावरही दाखवलं होतं. इस्रायलकडच्या एका सापाच्या विषातलं सॅराफोटॉक्सिन एंडोथेलिनसारखंच असतं. म्हणजे मास्ट पेशी धडधाकट असतील तर प्रतिविषाची गरज कमी?

खारीचावाटा: अजिबात नाही! घोणस, मण्यार, काहीही चावो, तडक दवाखाना गाठायचा. असलं इथे लिहू नका, कुणीतरी खरं मानेल.

रानजाई: झेरॉक्समध्ये फिकट आलेली तिसरी रेघ आत्ता दिसली. पेशी परत सोडलेल्या उंदरांचीच आहे! पण विकर नेमकं कुठे तोडतं? सर विचारणारच.

परीक्षानळी: कार्बॉक्सिपेप्टिडेज ए हे ते विकर, साखळीच्या शेपटाकडचं शेवटचं अमिनो आम्ल, ट्रिप्टोफॅन, काढतं. २००७ चं काम बघ. तेवढं एक गेलं की एंडोथेलिन निकामी.