दिएगो कोस्टाने ब्राझील सोडून स्पेन निवडला: गद्दारी की हक्क?

मधली_फळी
ब्राझीलच्या लागार्तो गावचा फुटबॉलपटू दिएगो कोस्टा मार्च २०१३ मध्ये ब्राझीलकडून इटली आणि रशियाविरुद्ध खेळला, दोन्ही वेळा बदली खेळाडू म्हणून. जुलैत त्याला स्पेनचं नागरिकत्व मिळालं आणि ऑक्टोबरात त्याने कळवून टाकलं की आता स्पेनकडूनच खेळणार. आधीचे दोन्ही सामने मैत्रीपूर्ण होते, त्यामुळे अधिकृत सामना खेळल्यावर देश बदलू न देणारा फिफाचा तेव्हाचा नियम आड आला नाही. ब्राझीलमध्ये मात्र आगडोंब उसळला. प्रशिक्षक स्कोलारी म्हणाले, याने कोट्यवधींच्या स्वप्नाकडे पाठ फिरवली. महासंघाने तर त्याचं नागरिकत्व काढून घेण्याची भाषा केली.

माझ्या मते कोस्टाचं काही चुकलं नाही. सेल्टा, अल्बासेते, वायाडोलिड, रायो असा या क्लबातून त्या क्लबात फिरत तो स्पेनमध्येच घडला. ब्राझीलने दोनदा शेवटची काही मिनिटं दिली आणि जूनच्या कॉन्फेडरेशन्स कप स्पर्धेला वगळलं. पुढे अ‍ॅटलेटिको माद्रिद क्लबकडून गोलांचा धडाका सुरू झाल्यावर पुन्हा बोलावणं धाडलं. गरज सरो, वैद्य मरो हे दोन्ही बाजूंनी चालतं की!

पेनल्टी_शास्त्री
साफ चूक. मार्चमध्ये बोलावणं आलं तेव्हा 'मी स्पेनमध्ये घडलो, क्षमा करा' असं म्हणता आलं असतं. म्हणाला का? पिवळी जर्सी घातली, जागा पक्की होत नाही म्हटल्यावर उतरवली. मार्कोस सेना बघा. तोही ब्राझीलचाच, पण ब्राझीलकडून कधी खेळला नाही. स्पेनसाठी २००८ चा युरो (युरोपीय देशांचा चषक) जिंकला आणि कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही.

मधली_फळी
शास्त्रीबुवा, मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू बांधला जात नाही हे स्कोलारींना ठाऊक नव्हतं थोडंच? एखादा अधिकृत सामना खेळवला असता तर प्रश्नच मिटला असता. आणि नैतिकतेचे धडे कोण देतंय? २००३ मध्ये हेच स्कोलारी पोर्तुगालचे प्रशिक्षक होते. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या डेकोला त्यांनी पदार्पणाला उतरवलं, तेही ब्राझीलविरुद्ध! डेकोने फ्री किकवर गोल मारून २-१ जिंकून दिलं. तेव्हा कोट्यवधींचं स्वप्न कुठे गेलं होतं?

पेनल्टी_शास्त्री
डेकोचा मुद्दा चांगला आहे, पण माझ्याच पारड्यात पडतो. ब्राझीलने डेकोला कधीच खेळवलं नव्हतं. स्कोलारी दुटप्पी असतीलही, त्याने कोस्टा कसा सुटतो?

ऑफसाइडचा_बळी
तुमची नीतिकथा चालू द्या. मी फुटबॉलचं बोलतो. हा सौदा स्पेनला तरी कुठे फळला? झावी, इनिएस्टा यांचा छोट्या पासांचा खेळ आणि पुढे हा रेडा, ज्याला समोर मोकळं मैदान हवं! शिवाय गडी दुखापतग्रस्त. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या (युरोपीय क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात नवव्या मिनिटाला बाहेर गेला होता आणि तीन आठवड्यांत विश्वचषक. नेदरलँड्सकडून १-५, माराकाना स्टेडियमवर चिलीकडून ०-२, खेळ खल्लास. चेंडू त्याच्या पायाशी आला की प्रेक्षक हुर्यो उडवायचे. २०१६ च्या युरोला तर संघातच नव्हता.

मधली_फळी
त्या १-५ मधला एक आहे ना, ती पेनल्टी कोस्टानेच मिळवली होती. पाच गोल काय त्याने खाल्ले? आणि ब्राझीलने त्याच स्पर्धेत 'फ्रेड' आणि 'जो' या दोन आघाडीपटूंवर भिस्त ठेवली. पुढे जर्मनीने १-७ केलं. अर्थात त्या दिवशी बचावच कोसळला होता, कोस्टा असता तरी फार तर २-७ झालं असतं.

पेनल्टी_शास्त्री
म्हणजे त्याच्याशिवाय ब्राझीलचं अडलं नाही, हे मान्य.

डावा_पाय
२०१८ चा विश्वचषक कुणीच काढत नाही? पोर्तुगालविरुद्ध रशियातल्या सोचीत दोन गोल, मग इराणविरुद्ध एकमेव गोल. (तो इराणी बचावपटूने मारलेला चेंडू याच्या पायाला लागून आत गेला, पण मोजतात.) रशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन हरला तेव्हा हा आधीच बदलून बाहेर बसला होता. एकूण २४ सामन्यांत १० गोल. दत्तक पोराने याहून जास्त काय करायचं?

बाकी सोचीतला पहिला गोल आठवतो का? आधी पोर्तुगालचा बचावपटू पेपे याला हाताचा तडाखा देऊन आडवा केला, मग दोघांना चकवून मारला. पेपे मासेयोचा, कोस्टा शेजारच्याच राज्यातला. दोघेही ब्राझीलचे आणि भांडतायत पोर्तुगाल-स्पेनसाठी!

ऑफसाइडचा_बळी
तो फाउल होता. व्हीएआर (व्हिडिओ पंच) असूनही दिला नाही, त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.