अनुभव धागा: कुलूप शाबूत, माल गायब

मागच्या महिन्यात माझं वर्कशॉप फुटलं. कुलूप तसंच लोंबकळत होतं, कोयंडा मात्र स्क्रूंसकट उचकटलेला. कुलूप निवडायला मी तासभर घालवला होता, कोयंडा जुनाच, बाहेरून दिसणाऱ्या चार स्क्रूंवर. आता आरपार बोल्ट घातलेत, नट आतून. ग्राइंडर आणि दोन ड्रिल गेली. पोलिसांनी सीरियल नंबर विचारले, ते ज्या खोक्यांवर होते ती मी कधीच फेकली होती. छोटा धंदा, रात्री जागेवर कोणी नाही, अशांनी लिहा. सल्ले नकोत, घडलेलं सांगा.

लॅपटॉप दुरुस्तीवाला
चार कॅमेरे होते आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, काउंटरखाली. चोर डीव्हीआरच घेऊन गेला, म्हणजे स्वतःचं शूटिंग बगलेत मारून! नवा डीव्हीआर माळ्यावर, जाळीच्या लोखंडी पेटीत ठेवला. तरी पुन्हा फसलो. एका गिऱ्हाइकाचा लॅपटॉप हरवल्याचं १५ दिवसांनी कळलं, तोवर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलेलं. मग हिशेब मांडला. रेकॉर्डिंगचा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरला तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी खातो, चार मिळून ८६. १ टीबी डिस्क जेमतेम ११-१२ दिवस पुरते. हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. डीव्हीआरचं घड्याळ ४७ मिनिटं मागे होतं, ते वेगळंच. एक कॅमेरा दाराकडे तोंड करून लावलाय, दिवसा त्यात येणारा माणूस म्हणजे नुसती काळी सावली. रात्री कोळ्याचं जाळं लेन्ससमोर आलं की सगळं पांढरंफटक. दर रविवारी फडका मारतो.

शिवणकाम युनिट
आमच्या शटरला दोन्ही बाजूंना दणकट कुलपं होती. मधे काहीच नाही. त्यांनी मधोमध गाडीचा जॅक लावला, पट्ट्या वाकवल्या आणि एखादा सडपातळ माणूस आत सरकेल एवढी फट केली. मशिनं जड, ती राहिली. मोटरी काढून नेल्या. आता जमिनीत अडकणारं सेंट्रल लॉक आहे.

हिशेबनीस
माझं एकच पीसी गेलं. वाचायला किरकोळ वाटेल. पण बॅकअपची डिस्क त्यालाच जोडलेली असायची, ती पण गेली. दर संध्याकाळी न चुकता बॅकअप घ्यायचे मी! पुढचे तीन महिने एकेका अशिलाकडून कागद परत मागितले, प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत. डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, नव्हती, त्यामुळे त्यांची माहिती कुणाच्या हाती लागली असेल या विचाराने झोप उडाली, पीसी गेल्याने नाही. त्यात विमा नाकारला. पॉलिसीत जबरदस्तीने शिरल्याच्या खुणा हव्यात असं कलम होतं. दार तर किल्लीने उघडलेलं. ऑफिस घेतलं तेव्हा दाराच्या कुलपाचा सिलिंडर (किल्ली फिरते तो भाग) बदललाच नव्हता, आधीच्या भाडेकरूंकडे किती किल्ल्या होत्या देव जाणे. कुणावर आरोप करत नाही. आता एक प्रत घरी असते, आणि कोणी काम सोडलं की त्याच आठवड्यात सिलिंडर बदलते.

गोदामवाला
चोरी नाही झाली, फजिती झाली. मोशन सेन्सर खिडकीसमोर बसवला. हा सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो, त्यामुळे उन्हाने तापलेला पडदा हलला की सायरन. रात्री उंदीर. तिसऱ्या रात्री शेजाऱ्यांनी कान उपटले आणि मी सायरनची वायरच काढली. वर्षभर तशीच होती. बाहेर ‘अलार्म लावलेला आहे’ ही पाटी मात्र दिमाखात.

स्टेशनरीवाली
रात्री गल्ल्याचा खण रिकामा करून उघडा ठेवते, बाहेरून दिसेल असा. त्याआधी एकदा बंद खण फोडला होता, आत फक्त सुट्टी नाणी. नवा खण नाण्यांपेक्षा महाग पडला.

सुतारकाम
जरा उलट लिहितो. चोरीच्या भीतीने मागच्या दाराला जाळी आणि कुलूप घातलं. एका दुपारी भुशाने पेट घेतला, पुढे धूर, आम्ही तिघं आत, आणि मागची किल्ली पुढच्या टेबलावर. आग लहान होती म्हणून निभावलं. आता त्या जाळीला आतून नुसता खटका आहे, किल्ली लागत नाही. बाहेरून हात घालून खटका काढता येऊ नये म्हणून भोवती पत्रा मारलाय.

धागाकर्ता
काल उरलेल्या अवजारांच्या नंबरांचे फोटो काढायला बसलो. जुन्या कटरवरचा घासून पूर्ण पुसलाय. त्यावर कोरणीने स्वतःची खूण केली. सुतारदादा, खटक्याचा फोटो टाकाल का?